सोलापुरात पहिली कार घेताय? शोरूम पारखण्यापासून डिलिव्हरीपर्यंत

गड्ड्याची यात्रा ओसरत आली की दर जानेवारीत एका शोरूमच्या वर्कशॉपमधले फोरमन आमच्या शाळेच्या मैदानावर एक गाडी घेऊन येतात. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, बॅनर लागेल, फोटो निघतील, मुलांना टोप्या वाटतील आणि तास संपेल. फोरमनकाकांनी आठवीतल्या एका मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मग गाडीच्या मागे दहा मुलं दाटीवाटीनं खाली बसवली आणि तिला म्हणाले, "बाळ, आरशात कोणकोण दिसतंय सांग की." तिला एकही मूल दिसत नव्हतं. खाली उतरून ती मागे बघून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. त्या दिवसापासून आमच्या शाळेतली मुलं उभ्या गाडीच्या मागे खेळत नाहीत.

आमची पहिली कार आम्ही त्याआधी, २०१८ च्या पाडव्याला घेतली होती, दुसऱ्या एका शोरूममधून. त्यांचं नाव आमच्या मंडळाच्या कमानीवर मोठ्या अक्षरात होतं, म्हणून विश्वासानं गेलो. हँडलिंगचे पैसे निमूट भरले, ॲक्सेसरीजचं पॅकेज "कंपल्सरी आहे मॅडम" म्हटल्यावर घेतलं. घरी आल्यावर टायरवरचे आकडे वाचले तेव्हा कळलं, गाडी नऊ महिने उन्हात उभी होती. त्यानंतर बहिणीची, दोन सहकारी शिक्षिकांची आणि भाच्याची अशा चार गाड्या घ्यायला मी सोबत गेले. त्यातून जे शिकले ते क्रमानं लिहिते. माझ्या मते गाडीच्या मॉडेलपेक्षा ती विकणारा माणूस आधी पारखावा, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१. शोरूमच्या आधी वर्कशॉप बघा

शोरूममध्ये तुम्ही फार तर चार वेळा जाल, वर्कशॉपमध्ये पुढची दहा वर्षं. तरी बहुतेक जण ते गाडी घेतल्यावरच पहिल्यांदा बघतात.

सोमवारी सकाळी नऊ-साडेनऊला जा. तेव्हा गाड्या जमा होत असतात आणि गर्दीत माणसाचा स्वभाव दिसतो. सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीभोवती फिरून ओरखडे लिहून घेतो का, अंदाजे खर्च लिहून देतो का, जुने पार्ट परत दाखवतो का, एवढं अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. गाडी परत न्यायला आलेल्या एखाद्या मालकाला सरळ विचारा, "दादा, सांगितलेलं बिल आणि आलेलं बिल यात फरक पडतो का हो?" आपल्याकडची माणसं या प्रश्नाला मनापासून उत्तर देतात.

आणखी एक गोष्ट मी हटकून बघते. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या वर्कशॉपमध्ये गाड्या धुतलेलं पाणी टाक्यात साठवून, गाळून पुन्हा वापरतात, त्यांना आपण कोणत्या गावात धंदा करतोय याची जाण असते.

२. शोरूम गावासाठी काय करतं ते विचारा, पण नीट विचारा

सोलापुरातली बरीच शोरूम्स सामाजिक कामात दिसतात. उन्हाळ्यात पाणपोई, रक्तदान शिबिर, गणपती आणि नवरात्र मंडळांना वर्गणी, वारीच्या वाटेवर तंबू. ही कामं चांगलीच आहेत. कंपनी कायद्यानं सामाजिक कामावर खर्च करण्याची सक्ती ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांवर आहे. गावपातळीवरचे कितीतरी डीलर त्या रेषेच्या आत येत नाहीत. तरीही ते करतात, तर त्याची कदर ठेवावी. पण त्यावरून खरेदीचा निर्णय घ्यायचा असेल तर तीन गोष्टी विचारून घ्या.

काम वर्षभर चालतं की सणापुरतं? आमच्या शाळेत येणारे फोरमनकाका न बोलावता येतात. जानेवारीत आले की पुढच्या वर्षीची तारीखही लिहून ठेवतात.

काम त्यांच्या हुनराचं आहे का? पैसे कोणीही देऊ शकतो. ब्रेक तपासणं, हेडलाइटचा झोत खाली बसवणं, वारीत दिंडीबरोबरच्या टेम्पोचा क्लच रस्त्यावरच दुरुस्त करून देणं, हे फक्त वर्कशॉपवालाच करू शकतो. माउलींची पालखी धर्मपुरीजवळ आपल्या जिल्ह्यात येते आणि तुकोबांची अकलूजच्या बाजूनं. प्रत्येक दिंडीमागे सामानाची गाडी असते, पाण्याचा टँकर असतो. तो बंद पडला की शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक अडतो. अशा वेळी दोन मेकॅनिक आणि पान्यांची पेटी घेऊन उभं राहणारं शोरूम मला कमानीवरच्या नावापेक्षा मोठं वाटतं.

तिसरी गोष्ट, गावातल्या पोरांना काम शिकवतात का? तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. "आपल्या आयटीआयची किती मुलं आहेत तुमच्याकडे, आणि शिकून झाल्यावर त्यातली किती राहतात?" असं विचारा. पोरं टिकत असतील तर पगार वेळेवर होतो. आणि दरवर्षी नवा हात लागत नसल्यामुळे तुमची गाडीही ओळखीच्या हातात राहते.

इथे एक सापळा आहे. पावसाळ्याआधी किंवा वारीआधी मोफत तपासणी शिबिरं लागतात. जरूर जा. तपासणीचा कागद मागून घ्या, पण शिबिरात सांगितलेलं काम तिथल्या तिथे सुरू करू देऊ नका. कागद घरी आणा, दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा, मग ठरवा. आणि त्यांनी मंडळाला वर्गणी दिली म्हणून भावात घासाघीस करायला लाजू नका. आम्ही लाजलो होतो.

३. लायसन्स आधी

कच्चं लायसन्स परिवहनच्या सारथी संकेतस्थळावरून घरी बसून परीक्षा देऊन मिळतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे दसऱ्याला गाडी हवी असेल तर उशिरात उशिरा श्रावणात अर्ज करा. मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले. बायकांना सांगते, नवऱ्याकडून शिकू नका, स्कूल लावा. भांडणं वाचतात आणि क्लच नीट येतो.

४. ऑन-रोड किंमत फोडून मागा

"ऑन-रोड इतके" एवढाच आकडा घेऊन घरी येऊ नका. प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेलं कोटेशन शिक्क्यासह मागा. त्यात काय असतं ते बघू.

एक्स-शोरूम किंमत. जीएसटी यातच आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आहे. लहान म्हणजे चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतचं इंजिन. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५ टक्के.

रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच १३, १४ आणि १५ टक्के. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८ हजार झाले. सीएनजीला यापेक्षा कमी पडतो. फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर दर एकदम २० टक्के. चाटी गल्लीतल्या एका ओळखीच्या दुकानदारांनी हिशेबाच्या सोयीसाठी फर्मच्या नावावर घ्यायचं ठरवलं होतं. हा आकडा ऐकल्यावर त्यांनी आधी आपल्या सीएंना फोन लावला. तुमचा व्यवसाय असेल तर तुम्हीही लावा.

आरटीओची फी. नोंदणीचे ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १५००, स्मार्ट कार्डचे २००. "आरटीओ खर्च" म्हणून याहून बराच मोठा गोल आकडा दिसला तर त्याची फोड मागा.

टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच गोळा केलेला आयकर. गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का. हे पैसे बुडत नाहीत, आयकर विवरणपत्रात परत मागता येतात. त्यासाठी पॅन नंबर बरोबर घातलाय ना ते बघा.

विमा आणि फास्टॅग. विम्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो चार्ज. हे सरकारी शुल्क नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं हा डीलरच्या धंद्याचा भाग आहे. शांतपणे म्हणा, "ही ओळ कोणत्या नियमानं लावली ते लिहून द्या, मग भरते." बहिणीच्या वेळी एवढ्या एका वाक्यावर ती ओळ खोडली गेली. आवाज चढवावा लागला नाही.

ॲक्सेसरीज, कोटिंग, वाढीव वॉरंटी. यातलं काहीही सक्तीचं नाही. वाढीव वॉरंटी मी स्वतः घेते, कारण आजकालच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स फार आहे. सीट कव्हर आणि मॅट मात्र बाहेरून घेतलेले बरे पडतात.

५. कर्ज: टक्का कोणता ते विचारा

फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग रेट हे दोन वेगळे टक्के आहेत. फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर लागतं, रिड्युसिंगमध्ये फेडून उरलेल्या रकमेवर. शोरूमच्या टेबलावर कधीकधी फ्लॅट सांगितला जातो, कारण तो लहान दिसतो. पाच वर्षांसाठी फ्लॅट ७ टक्के म्हणजे रिड्युसिंग साधारण साडेबारा टक्के. तेव्हा "रिड्युसिंग किती?" असाच प्रश्न करा आणि बँकेचं पत्र मागा.

मुदतीचं उदाहरण बघा. सहा लाख, ९ टक्के. पाच वर्षांना हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, सात वर्षांना सुमारे ९,६५०. हप्ता हलका वाटतो म्हणून सात वर्षं निवडली तर व्याज एकूण ६३ हजारांनी जास्त जातं. तेवढ्यात दोन-तीन वर्षांचा विमा निघाला असता.

आधी आपल्या पगाराच्या बँकेत विचारा, मग शोरूमच्या टेबलावर बसा. मुदतीआधी फेडलं तर किती आकार पडेल, हेही तिथेच विचारून घ्या.

६. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर, तुमच्या माणसांसह

शोरूमवाले समोरच्या रुंद सरळ रस्त्यावरून एक चक्कर मारून आणतात. तेवढ्यानं काही कळत नाही. संध्याकाळी सहाला नवी पेठेतून मधल्या मारुतीकडे घ्या. क्लच किती जड आहे आणि वळताना खांबाआड किती रस्ता झाकला जातो, ते दहा मिनिटांत समजेल. मग हायवेला नेऊन पुढचा ट्रक ओलांडताना गाडी दम धरते का ते बघा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत गाडी घेत असाल तर दुपारी दोनला जा, मागची सीट माणसांनी भरा आणि मागे बसलेल्यांना एसी लागतो का विचारा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही त्यांना चढून-उतरून बघायला लावलं आणि पसंत पडलेली एक गाडी सोडली. दाराचा उंबरा त्यांना उंच पडत होता.

शक्य असेल तर एकदा अंधार पडल्यावरही चालवा. हेडलाइटचा उजेड किती लांब जातो हे आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचं आहे. का, ते शेवटच्या मुद्द्यात येईल.

सुरक्षेसाठी भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचणीचे तारे बघा. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. मोठ्यांचे आणि लहान मुलांचे तारे वेगळे दिलेले असतात, दोन्ही वाचा.

७. बुकिंग

"आजच बुक करा की ओ मॅडम, एक तारखेला रेट वाढतोय." हे वाक्य मी पाच वेळा ऐकलंय. रेट कधीकधी खरंच वाढतो. तरी एक रात्र घ्या.

पैसे शोरूमच्या फर्मच्या खात्यातच भरा, चेकनं किंवा बँकेतून. सेल्समनच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर एक रुपयाही पाठवू नका, तो तुमच्या मावसभावाचा मित्र असला तरी. रोख देत असाल तर एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं मना आहे. पावतीवर या पाच गोष्टी लिहून घ्या:

- मॉडेल, व्हेरियंट आणि रंग
- ठरलेली सूट आणि फुकट कबूल केलेल्या वस्तू, नावानिशी
- डिलिव्हरीची अंदाजे तारीख
- बुकिंग रद्द केलं तर किती पैसे आणि किती दिवसांत परत
- किंमत बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या दिवसाची

चौथ्या ओळीवर माझ्या सहकारी शिक्षिकेचे पाच हजार अडकले होते. "मिळतील की" एवढं तोंडी आश्वासन होतं. ते परत मिळायला चार महिने आणि सात फेऱ्या लागल्या.

मुहूर्ताचंही बोलते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी पाडवा या दिवसांत सूट कमी आणि गर्दी जास्त. पितृपक्षात शोरूम रिकामी असतात. त्या पंधरवड्यात बोलणी करून भाव लिहून घ्यायचा आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्यायची, हा मार्ग भाच्याच्या वेळी आम्हाला फार उपयोगी पडला. घरच्यांच्या मनालाही बरं वाटलं.

सीमेपलीकडच्या गाडीबद्दल. अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर भागातल्या अनेकांचे सोयरे विजापूर, इंडी, कलबुर्गीकडे आहेत. "तिकडे ओळखीनं स्वस्त मिळतीय" असा निरोप येतो. तिकडच्या नंबरची गाडी इकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथे नव्यानं नोंद करावी लागते. इथला कर भरायचा आणि तिकडचा उरलेला परत मिळवण्यासाठी तिकडच्या ऑफिसात खेटे घालायचे. जुनी गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का तेही बघा.

८. कागदपत्रं

एकाच फाइलमध्ये, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.

- आधार आणि पॅन
- पत्त्याचा पुरावा. भाड्यानं राहत असाल तर नोंदवलेला भाडेकरार. आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. गाडी कोणत्या आरटीओला नोंदणार ते पत्त्यावर ठरतं. सोलापूरला एमएच-१३, अकलूजला एमएच-४५.
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- कर्जासाठी नोकरदारांना तीन महिन्यांच्या पगारस्लिपा आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, व्यावसायिकांना दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, शेतकऱ्यांना सातबारा आणि आठ-अ
- वारसदाराचं नाव आणि ओळखपत्र. आरसीवर आता वारस नोंदवता येतो. ही जागा रिकामी सोडू नका, नंतर घरच्यांना त्रास होतो.
- जुनी कार विकत असाल तर विम्याचं नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दलच्या सुटीचं) पत्र

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. "नंतर भरतो मॅडम" म्हटलं तर म्हणा, "मग नंतर सही करते."

९. विमा

शोरूमचाच विमा घेतला पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. शोरूमकडून कोटेशन घ्या आणि त्याच आयडीव्हीवर (विम्यात धरलेली गाडीची किंमत), त्याच ॲड-ऑनवर (जादा कवच) बाहेरून दुसरं मागवा. भाच्याच्या गाडीला दोघांत साडेअकरा हजारांचा फरक निघाला. बाहेरचा कागद टेबलावर ठेवल्यावर शोरूमनंच भाव खाली आणला. कॅशलेस क्लेम आपल्याच वर्कशॉपमध्ये होणार असल्यामुळे भाव बरोबरीला आला तर शोरूमकडून घ्यायला माझी हरकत नाही.

नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो. पहिली काही वर्षं झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे पार्टची घट न कापता भरपाई देणारं कवच घ्या, नाहीतर बंपर बदलताना निम्मे पैसे खिशातून जातात. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच तुमच्याकडे आधीपासून असेल तर ते दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या गाडीवर पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. हे आपणहून कुणी सांगत नाही.

१०. नंबर पडायच्या आधी गाडी तपासा

ही पायरी चुकवू नका, बाकी काही विसरलात तरी चालेल. एकदा गाडीची नोंदणी झाली की ती तुमची. मग ओरखडा दाखवा नाहीतर जुना टायर, "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून पूर्ण पैसे भरण्याआधी आणि विमा, नोंदणी सुरू होण्याआधी, तुम्हाला दिली जाणारी नेमकी गाडी यार्डात जाऊन बघा. दिवसा उजेडी जा. याला पीडीआय म्हणतात. तो हक्कानं मागा.

- चासी नंबरचा फोटो काढा. पुढे विम्यावर, बिलावर आणि आरसीवर हाच नंबर आला पाहिजे.
- निर्मितीचा महिना-वर्ष विचारा. डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, ते लिहिलेलं असतं.
- टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसुद्धा.
- ओडोमीटर. शंभर किलोमीटरच्या वर असेल तर ती टेस्ट ड्राइव्हला फिरलेली आहे का ते विचारा.
- रंग तिरक्या नजरेनं बघा. एका दाराची चमक वेगळी दिसली तर यार्डात धक्का लागून पुन्हा रंगवलेलं असू शकतं.
- एसी, चारही काचा, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, रिव्हर्स कॅमेरा, सगळे सीटबेल्ट.
- बॉनेट उघडून ऑइल आणि कूलंटची पातळी, खाली वाकून गळती.
- दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना, त्रिकोणी रिफ्लेक्टर, प्रथमोपचार पेटी.

चार-पाच महिने जुनी गाडी घ्यायची असेल तर घ्या, पण ते माहीत असून आणि त्याबद्दलची सूट लिहून घेऊन. आम्हाला ती सूट मिळाली नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

११. डिलिव्हरीचा दिवस

सणाच्या दिवशी एकामागून एक गाड्या निघतात आणि समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. म्हणून कागद आणि तपासणी आदल्या दिवशी संपवा. सणाला फक्त हार, नारळ, पेढे आणि चाकाखालचं लिंबू. मग खुशाल सिद्धेश्वराला नाहीतर रूपाभवानीला जा.

नंबर प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. "दोन दिवसांत प्लेट येते, तोवर वापरा" हे ऐकायचं नाही. विनानोंदणी गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. नवी गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही, डीलरच ऑनलाइन नोंद करतो. त्यामुळे "आरटीओत रांग आहे" या सबबीवर फार विश्वास ठेवू नका.

हातात घ्यायचं: टॅक्स इनव्हॉइस, विमा पॉलिसी, टॅक्सची पावती, फॉर्म २१ आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र) यांच्या प्रती, वॉरंटी बुक, सर्व्हिस बुक. पुण्याला वरचेवर जाणं असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते; २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा तो ३ हजार रुपयांना होता. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस अशा नाक्यांवरून महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला तो परवडतो.

१२. अडलंच तर

आधी शोरूमच्या मॅनेजरला ईमेल. फोन नको, ईमेलच. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर कार कंपनीच्या ग्राहक सेवेला, तीच साखळी पुढे पाठवून. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. तरीही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारी तिथे चालतात, दोन वर्षांच्या आत करायच्या असतात, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतात आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी २०० रुपये आहे. सहकारी शिक्षिकेचे पाच हजार शेवटी तक्रारीचा मसुदा मॅनेजरला दाखवल्यावर परत आले.

१३. गळीत हंगामाच्या आधी एक काम

गाडी आली, तुम्ही त्या शोरूमचे ग्राहक झालात. आता तुमच्या शब्दाला वजन आहे.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम लागला की मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, मंगळवेढा, कुठल्याही रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, असला तर उसाच्या वाड्यांनी, म्हणजे शेंड्याच्या पानांनी झाकलेला असतो. एक ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात रस्त्यावरच उभी राहते आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ती शेवटच्या क्षणी दिसते. आमच्या शाळेतल्या दोन भावंडांचे वडील असेच गेले. नव्यानं गाडी चालवायला लागलेल्यांनी म्हणून हंगामात रात्री साठच्या पुढे जाऊ नये. समोरून झोत डोळ्यांवर आला की वेग आणखी कमी करावा, कारण नेमक्या त्याच क्षणी पुढची ट्रॉली दिसत नाही. अपघात दिसला तर थांबा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये तसं संरक्षण आहे. १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला.

आणि शोरूमकडे हे काम मागा: ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचं. आम्ही शाळेतून तीन वर्षांपासून हे करतोय. लाल रिफ्लेक्टर टेपची गुंडाळी, कात्री, ट्रॉलीचा पत्रा पुसायला रॉकेल आणि फडकी, एवढंच सामान लागतं. टेप ट्रॉलीच्या पाठीवर दोन्ही टोकांना आणि ऊस लटकतो त्याच्या खाली, चासीच्या आडव्या पट्टीवर लावायची. वर लावली की वाड्यांखाली झाकली जाते. बैलगाडीला जूच्या टोकांना आणि मागच्या आडव्या लाकडाला. फोरमनकाका चार मेकॅनिक घेऊन येतात आणि टेपबरोबर ट्रॉल्यांचे बंद मागचे दिवेही जोडून देतात. ट्रॅक्टरवाले चहा पाजतात.

तुमच्या शोरूमला हे सांगायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा, म्हणजे त्यांना माणसं ठरवायला वेळ मिळतो. सर्व्हिस मॅनेजरला भेटा, सेल्सला नाही. जवळच्या कारखान्याच्या शेती विभागाकडून गव्हाणीला (ऊस उतरवायच्या जागी) ट्रॉल्यांची रांग कोणत्या वेळी लागते ते आधी विचारून ठेवा. पहाटे पाच ते सात या वेळात ट्रॉल्या उभ्या असतात आणि ड्रायव्हर मोकळे असतात.